आधी खटका, मग मेणबत्ती

अशी कल्पना कर बाळा, की तुझ्या हातात एक फळी आहे. तोला नावाच्या झाडाची, फिकट पिवळी, सरळ रेघांची, तुझ्या कवेत मावेल एवढी. ती कानाजवळ धर आणि मधल्या बोटाच्या पेराने टकटक कर. जाड आहे ना, म्हणून नाकातून बोलते आहे. आता आपण ती थोडी तासू. परत टकटक. आवाज घशात उतरला. आणखी थोडी तासू. आता तो पोटातून येतो, गोल आणि भरलेला, एखाद्या जाड्या बाईने दाराआडून हाक मारावी तसा. इथे थांबायचं. इथे थांबणं ज्याला जमलं त्याला गिटार बनवता येते, बाकीची कामं कुणीही शिकतं. कारण याच्यापुढे एक पापुद्रा जरी जास्त निघाला तरी फळी बोलायची बंद होते, नुसती फडफडते, आणि निघालेला पापुद्रा परत बसवायची सोय या जगात कुठेच नाही. चिएलाला हे थांबणं कळत होतं. किन्शासा शहरातल्या मातेते वस्तीत, आवोकाडोच्या झाडाखाली, पत्र्याच्या कारखान्यात ही अकरा-बारा वर्षांची पोर डोळे मिटून टकटक करायची आणि म्हणायची, ‘मामा, बास.’ आणि ज्याच्या गिटारी नदीपलीकडेसुद्धा वाजायच्या तो म्बायामामा खरोखरच बास करायचा. आता तूही डोळे मिट आणि तिच्या शेजारी उभं राहा. शनिवारची सकाळ आहे. मामा बंदरावर लाकूड बघायला गेला आहे. लाइट नाही. आणि भिंतीवरच्या खटक्याची मूठ तुटून तिच्या हातात आली आहे.

मूठ तुटली याचं तिला तेवढं काही वाटलं नाही. जुनी होती, बरेच दिवस खिळखिळी झाली होती. पण खटका वर होता, म्हणजे चालू. ती आईच्या गाड्यावरून तळलेल्या माशाचा डबा ठेवायला आली, आत पाऊल टाकलं, आणि सवयीने नजर भिंतीकडे गेली, तर खटका वर. म्हणजे मामा सकाळी रंध्याच्या मशीनवर फळ्या तासत होता, मध्येच लाइट गेली, आणि तो तसाच उठून निघून गेला. मशीनच्या तोंडात अर्धवट गेलेली फळी अजून तशीच होती. लाइट आत्ता आली असती तर रूळ फिरला असता, पाती फिरली असती, आणि कारखान्यात कुणीच नसताना ती फळी चिंध्या होऊन भिंतीवर आदळली असती. कुणी असतं तर काय झालं असतं, तो विचार तिने पुढे नेला नाही. ती धावत गेली आणि खटका खाली ओढला. तो अर्ध्यात अडकला आणि मूठ हातात आली.

आधी खटका, मग मेणबत्ती. हे तिला मामानेच शिकवलं होतं. पाटावर बसवून, तिची बोटं स्वतःच्या हातात धरून, रोज सकाळी देवाचं नाव घ्यावं तसं. केस फडक्यात बांधायचे, एक बटही बाहेर नको. हातात कडं नको, बाही लोंबती नको. वेंगेचं काळं लाकूड काढायचं असेल तर नाकावर ओलं फडकं बांधायचं आणि जमिनीवर पाणी शिंपडायचं, कारण त्या लाकडाची धूळ छातीत जाऊन बसली की उठत नाही. फळी बोटाच्या पेराएवढी पातळ झाली की ती एकटी मशीनमध्ये घालायची नाही, तिच्या पाठीला जाड पाठफळी लावायची, दोघी जोडीने जाऊ द्यायच्या. एकटी गेली की रूळ तिला गिळतो आणि तिच्या मागे हातही गिळतो. शेवटचं वीतभर लाकूड हाताने नाही, काठीने ढकलायचं. आणि लाइट गेली की, मशीनमध्ये काही अडकलेलं असो नसो, कुणी हाक मारो न मारो, आधी भिंतीवरचा खटका पाडायचा, मग मेणबत्ती शोधायची. कारण मातेतेमध्ये लाइट जाते ती सांगून जात नाही आणि येते तीही सांगून येत नाही. फक्त आल्यावर सगळी वस्ती एका आवाजात ओरडते, म्हाताऱ्या, पोरं, दारू पिऊन झोपलेले, सगळे, जणू काही कुणी गोल मारला आहे. खटका पाडणं हे काम चिएलाचं होतं. सात वर्षांची होती तेव्हापासून. लाइट गेली की ती भिंतीशी जायची, मामा मशीनपासून विचारायचा, ‘पाडला, आई?’ आणि ती म्हणायची, ‘पाडला.’ मग तो मशीनच्या तोंडात हात घालायचा.

आई. तो तिला आईच म्हणायचा, कारण तिचं नाव मामाच्या आईचं होतं, आणि आमच्याकडे ज्याचं नाव पोराला ठेवलं त्याचा मान त्या पोरालाही मिळतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी मामा म्हणायचा, ‘थांबा, आधी आईला विचारू,’ आणि फळी तिच्या कानाशी धरायचा. गिऱ्हाईक हसायचं. एकदा एकाने स्वस्तातली गिटार मागितली, चालेल कशीही, म्हणाला. मामा म्हणाला, ‘तारा लावू, की कपडे वाळत घालणार आहेस?’ आणि चिएलाकडे बघून एक डोळा मिटला. त्या एका मिटलेल्या डोळ्यासाठी तिने काहीही केलं असतं. शाळेत बाकीच्या मुली आपल्या वडिलांच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा ती मामाच्या उजव्या हाताची गोष्ट सांगायची. त्या हाताला अंगठ्याजवळची दोन बोटं नव्हती. तिथे नुसती गुळगुळीत कातडी होती, घासलेल्या लाकडासारखी. राहिलेल्या बोटांत तो रंधा असा धरायचा की बघणाऱ्याला वाटावं, माणसाला मुळात एवढीच बोटं पुरतात.

ती बोटं बाबांनी घालवली होती. हे घरात कुणी पुन्हा पुन्हा बोलत नसे, पण भिंतीला जसा रंग असतो तसं ते घराला लागलेलं होतं. लाइट गेली होती, मामा मशीनच्या तोंडात अडकलेला तुकडा काढत होता, आणि लाइट आल्याबरोबर बाबांनी, मागेपुढे न पाहता, भिंतीवरचा खटका वर केला. चिएला तेव्हा जेमतेम चार वर्षांची, कारखान्याच्या कोपऱ्यात भुशात खेळत होती. तिने ते पाहिलं होतं. तिला ते अजून दिसायचं: काळोख, बाबांचा वर गेलेला हात, हाताच्या टोकाशी काळा खटका, बाहेर वस्तीचा जल्लोष, आणि मग मामाची किंकाळी. त्या आठवणीला रॉकेलचा वास होता. का, ते तिला कधी कळलं नव्हतं. बाबा नंतर माताडीच्या बंदरात कामाला गेले ते गेलेच. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. आई बोलायची, मग फोन चिएलाच्या पुढे धरायची, आणि चिएला नकाराची मान हलवायची. आई परत फोन कानाशी नेऊन सांगायची, ‘ती बाहेर खेळते आहे.’ इतकी वर्षं ती मुलगी दर रविवारी बाहेर खेळत होती.

अर्ध्यात अडकलेला खटका बघत ती उभी राहिली. लाइट कोणत्याही क्षणी येईल. वायरमनला बोलवायला हवं, आणि मामाचा नेहमीचा वायरमन तर लग्नाला गेलेला. ती रस्त्यावर आली. आईच्या गाड्याशी एक म्हातारा बसला होता, मासा आणि पानात गुंडाळलेला कसाव्याच्या पिठाचा क्वांगा खात, पायाशी चामड्याची पिशवी, पिशवीतून पक्कड डोकावत होती. आई म्हणाली, हे एलोंगोकाका, वायरमन, पूर्वी गल्लीच्या टोकाला राहायचे, नदीवरच्या बोटींवर कामाला होते, परवाच परत आलेत. चिएलाने त्यांना हात धरूनच उठवलं. तोंडातला घास संपवत ते म्हणाले, ‘अगं, काटा तरी गिळू दे.’

कारखान्यात येऊन त्यांनी खटक्याच्या पेटीचं झाकण काढलं आणि हसले. खूप जुन्या ओळखीच्या माणसाला बाजारात बघून हसावं तसं. आधी त्यांनी वायरी सुट्या केल्या, म्हणाले, आता लाइट आली तरी घाबरू नकोस. मग म्हणाले, ‘हे तर माझंच बाळ. मी आणि तुझ्या बापाने बसवलंय.’

चिएला वेंगेचा एक तुकडा शोधत होती, नवीन मुठीसाठी. ‘कधी?’ तिने सहज विचारलं.

‘म्बायाची बोटं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. जमिनीवर भुसा टाकला होता, खालचं रक्त अजून ओलं होतं. मी तुझ्या बापाला म्हटलं, बेया, आज राहू दे, उद्या करू. तर म्हणाला, नाही, आजच. लाइट परत जाईल आणि परत येईल, आणि पोर इथे खेळते.’ त्यांनी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि खटक्याची गंजलेली पाती पुसायला लागले. ‘त्याच्या दुसऱ्या पहाटे मी नदीवरची बोट धरली. तुझा बाप कुठे असतो आता?’

‘माताडीला.’ आणि मग, अगदी हळू, जणू आपण विचारत नसून दुसरं कुणी विचारत आहे, ‘म्हणजे त्याच्याआधी खटका नव्हता?’

‘कुठला खटका! दोघे शहाणे वायरी सरळ बोर्डात खुपसायचे. बंद करायचं म्हणजे उपटायच्या. लाइट गेली की उपटायला कुणाला आठवतं? खटका असता, तर आज म्बायाचा हात पुरा असता.’

ते आणखी काही बोलत होते, बोटीबद्दल, पाणगेंड्याबद्दल, चिएलाने ते ऐकलं नाही. रॉकेलचा वास पसरला होता. तो तिच्या नाकातून आत गेला आणि आत कुठेतरी, इतकी वर्षं बंद असलेल्या जागी जाऊन बसला. काळोख होता. बाबांचा हात वर गेला होता. हाताच्या टोकाशी खटका नव्हता, कारण तिथे नुसती भिंत होती. हाताच्या टोकाशी कंदील होता. बाबा कंदील उंच धरून मशीनजवळ येत होते, मामाला नीट दिसावं म्हणून, आणि कंदिलाची काच काळी झाली होती, आणि रॉकेल बाबांच्या मनगटावरून ओघळत होतं, आणि तेवढ्यात बाहेर सगळी वस्ती ओरडली. मग ते दुसरं चित्र कुठून आलं? खटक्याचं, काळ्या मुठीचं? तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आजही ती डोळे मिटून त्या मुठीवरची ओरखड्याची रेघ सांगू शकली असती. पण ती रेघ तर तिच्या हातातल्या, आज तुटलेल्या, बोटं गेल्यावर बसवलेल्या मुठीवर होती.

आणि मग तिला दुसरं काही आठवलं, जे ती विसरली नव्हती, पण ज्याच्याकडे तिने कधी वळून पाहिलं नव्हतं. मामाचा हात पट्ट्यांत गुंडाळलेला, तो खाटेवर बसलेला, ती त्याच्या मांडीवर. तो गोष्ट सांगतो आहे. लाइट गेली, मग मामाने काय केलं? तुकडा काढला. मग लाइट आली. मग बाबांनी काय केलं, आई? असं केलं ना? आणि तो तिचा छोटा हात धरून वर नेतो आहे. खेळच होता तो. रोज संध्याकाळी तो खेळ असायचा, पट्टी बदलली की. पुढे पुढे तो अर्धी गोष्ट सांगून थांबायचा आणि ती स्वतःच हात वर करायची, आणि तो एक डोळा मिटायचा. असं हळूहळू, घाई न करता, पापुद्र्यामागून पापुद्रा काढत, त्याने तिच्या आठवणीवर रंधा मारला होता. त्याच्याइतका हात कुणाचा हलका नव्हता. कंदील तासून गेला आणि त्याच्या जागी खटका राहिला.

मग त्याच दिवसांत एकदा आवोकाडोच्या झाडाखाली निवाड्यासाठी सगळे जमले होते. कसाई प्रांतातून मोठे आजोबा आले होते, मामाचे मामा, पांढऱ्या काठीवर हनुवटी टेकून बसलेले. एका बाजूला आईकडची माणसं, समोर बाबा एकटे, उभे. चिएलाला कुणीतरी लाल सरबताची बाटली दिली होती. बाबा म्हणत होते, खटका तेव्हा नव्हताच. मामा म्हणत होता, खोटं. भिंतीवर खटका आहे की नाही, जाऊन बघा. माणसं गेली, बघून आली, खटका होता. तेव्हा मामाने पट्टीचा हात चिएलाच्या डोक्यावर ठेवला आणि सगळ्यांना म्हणाला, ‘ही माझी आई आहे. माझी आई कधी खोटं बोलली का? तुम्ही सगळे ओळखता तिला.’ म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ज्या बाईला ते ओळखत होते ती केव्हाच गेली होती, पण तिच्या नावाने आता हे पोर बोलणार होतं, आणि त्या नावाच्या शब्दापुढे दुसऱ्या कुणाचा शब्द चालत नव्हता. मोठे आजोबा वाकून म्हणाले, ‘सांग आई, तू काय पाहिलंस?’ चिएलाने हात वर केला. सगळे किती गप्प झाले होते. ती गप्पता तिला तेव्हा आवडली होती.

बाबांनी बोलायला तोंड उघडलं होतं. तेही आता तिला आठवलं, आणि या आठवणीत कुणी काही घातलेलं नव्हतं, कारण कुणाला ते उपयोगाचं नव्हतं. बाबांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, तिच्या ओठांभोवतीचं लाल सरबत पाहिलं, आणि तोंड मिटलं. पुढे बोलायचं तर त्यांना चारचौघांत आपल्या मुलीला खोटारडी म्हणावं लागलं असतं. ते नाही बोलले. काठी जमिनीवर आपटली गेली आणि ठरलं, दोष बाबांचा. मामा तेव्हापासून तिला एकच सांगत आला, रोज, पाटावर बसवून, प्रेमाने. खटका, आई. आधी खटका. ज्याने ती बोटं स्वतःच्या चुकीने घालवली त्याने तो नियम तिला दिला, आणि ज्याने खटका बसवला त्याचं नाव त्या नियमातून तासून टाकलं. तिला खरंच कळेना की तिला मामाबद्दल काय वाटतं आहे. राग म्हणावा, तर रागाला धरायला एखादी कड लागते. इथे तर तिच्या सगळ्या चांगल्या गोष्टी त्याच्याच हातच्या होत्या. तिचा कान त्याने तयार केला होता. थांबणं त्याने शिकवलं होतं. आता त्या कानाने ती काय ऐकणार होती, आणि कशावर विश्वास ठेवणार होती?

एलोंगोकाकांनी वेंगेची मूठ बसवली, वायरी जोडल्या, खटका दोन-तीनदा वरखाली करून खाली ठेवला, म्हणाले, तुझ्या नातवंडांना पुरेल. आणि उरलेला मासा खायला गेले. दुपारी लाइट आली, वस्ती ओरडली. चिएला भुशात बसून होती. शाळेची वही समोर उघडी होती आणि ती एकही ओळ वाचत नव्हती. हातातली तुटकी मूठ तिने बराच वेळ घट्ट धरली होती, मग फ्रॉकच्या खिशात ठेवली.

मामा उन्हं कलल्यावर आला, घामेजलेला, खूश. लाकूड चांगलं मिळालं होतं. शिवाय वाटेत एकाला उद्याच्या लग्नासाठी गिटार हवी होती, म्हणून आजच त्या अर्धवट फळीचं काम संपवायचं होतं. नवीन मूठ त्याने पाहिली. ‘कुणी बसवली?’ चिएला म्हणाली, एका वायरमनने. तो म्हणाला, ‘वेंगे वाया घालवलंस. खटक्याला काय गिटार वाजवायचीय?’ आणि एक डोळा मिटला. ती हसली नाही. त्याने ते पाहिलं नाही, कारण तो पाठफळी घासत होता. तिने केस बांधले, जमिनीवर पाणी शिंपडलं आणि नेहमीच्या जागी भिंतीशी जाऊन उभी राहिली. मोटर सुरू झाली. तोलाची पातळ फळी पाठफळीच्या पाठीवर बसून रुळाखाली शिरली आणि बारीक पिवळे कुरळे पापुद्रे बाहेर उडायला लागले. मामा काठीने ढकलत होता, मान थोडी वाकडी करून, ऐकत. चिएलाने त्याच्या मानेकडे पाहिलं. तीच मान. त्या मानेला धरून ती त्याच्या पाठीवर फिरली होती.

फळी अर्ध्यात असताना लाइट गेली. रुळाचा आवाज ओसरत ओसरत थांबला. कारखान्यात अंधुक झालं, पण दारातून अजून तांबूस उजेड येत होता. फळी तिरकी होऊन रुळात अडकली होती. मामाने काठी बाजूला ठेवली आणि मशीनच्या तोंडाकडे हात नेत, वर न बघता विचारलं, ‘पाडला, आई?’

चिएलाने उत्तर दिलं नाही.

त्याचा हात हवेतच थांबला. दोन बोटं नसलेला हात, रुळापासून वीतभर अंतरावर. त्याने मान वळवली. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, उजेड तिच्या मागून येत नव्हता आणि पुढूनही येत नव्हता, त्यामुळे तिचा हात कुठे आहे आणि खटका कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं.

‘आई? पाडलास का?’

‘मामा, हा खटका कधी बसवला?’

बाहेर कुणीतरी मुलाला हाका मारत होतं. आवोकाडोचं एक पान पत्र्यावर पडलं, ते ऐकू आलं. मामा म्हणाला, ‘हे काय मध्येच? आधीपासून आहे.’

‘एलोंगोकाका आले होते.’

ते नाव त्याने ऐकलं. हात मात्र त्याने मागेही घेतला नाही आणि पुढेही नेला नाही, जणू तो हात कुणाचा आहे हे त्याला ठरवायचं होतं. मग हळूच म्हणाला, ‘आधी सांग, खटका वर आहे की खाली?’ त्याच्या आवाजात भीती होती. चिएलाने त्याच्या आवाजात कधी भीती ऐकली नव्हती. तिला वाटलं होतं की ती ऐकून आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तिला फक्त एवढं कळलं की इतकी वर्षं हा माणूस दरवेळी तिच्या एका शब्दावर आपला हात त्या तोंडात घालत होता. तिच्या शब्दावर तो स्वतः एवढा विश्वास ठेवत होता. आणि तोच शब्द त्याने झाडाखाली वापरला होता.

‘कंदील होता बाबांच्या हातात,’ ती म्हणाली.

तेवढ्यात वस्ती ओरडली. लाइट आली. गल्लीतून, घराघरांतून, पार नदीकडच्या चाळींपर्यंत तो आवाज पसरत गेला, आणि कारखान्यातला बल्ब पेटला. मामाने डोळे घट्ट मिटून हात छातीशी ओढून घेतला. रूळ हलला नाही. मोटर गप्प होती. खटका खाली होता. लाइट गेल्याच्या क्षणीच तिने तो पाडला होता, नेहमीसारखा, मनात दुसरं काही यायच्या आत.

मामा खाली बसला, मशीनला टेकून, भुशातच. मग म्हणाला, की त्या दिवशी फार दुखत होतं. लोक विचारत होते कसं झालं, आणि ज्याने सगळ्या वस्तीला मशीन कसं वापरायचं ते शिकवलं त्यानेच वायरी न उपटता हात घातला हे तोंडातून निघेना. पोरं कुणी पाठवली असती त्याच्याकडे शिकायला? एकदा बेयाचं नाव घेऊन बसलो, आणि मग ते सरकत गेलं. तो हे सगळं जमिनीकडे बघून सांगत होता. ‘मला वाटलं होतं, बेया एक-दोन महिन्यांत परत येईल. माणसं विसरतात.’

‘मी नाही विसरले,’ चिएला म्हणाली. ‘तू मला विसरू दिलं नाहीस. जे झालंच नाही ते.’

त्याने ‘आई’ म्हणायला तोंड उघडलं.

‘मला आई म्हणू नकोस. आजोबांना बोलाव कसाईहून. सगळ्यांना बोलाव, तेव्हा आले होते त्या सगळ्यांना, झाडाखाली. मला परत सांगायचंय.’

त्याने मान हलवली, एकदा, होकाराची. चिएलाने केसांचं फडकं सोडलं, नीट घडी करून मशीनवर ठेवलं, आणि अडकलेली फळी पाठफळीसकट हळूच मागे ओढून काढली, कारण तिची त्यात काही चूक नव्हती. सवयीने पेराने टकटक केली. अजून बोलत होती. भिंतीला टेकवून ठेवली.

रस्त्यावर दिवे होते. आई गाड्याशी उरलेले मासे पसरट टोपलीत रचत होती. चिएला तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. आईने आधी मासा पुढे केला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘काय झालं? आज तर शनिवार आहे.’ तरी पदरासारख्या गुंडाळलेल्या कापडाच्या गाठीतून फोन काढून तिने तो मुलीच्या हातात ठेवला आणि आकडे लावून दिले, कारण चिएलाला ते माहीत नव्हते. घंटा बराच वेळ वाजत राहिली. मग पलीकडे बंदराचा गोंगाट, भोंगा, कुणाची तरी शिवी, आणि त्यातून एक आवाज, आईचं नाव घेणारा, ‘मुजिंगा? आज कसा काय फोन? बरी आहेस ना?’

चिएलाने खिशातली तुटकी मूठ मुठीत घट्ट धरली.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘तुमचा खटका अजून चालतो.’